‘आयोडीनची ॲलर्जी’ असा शेरा असलेल्या रुग्णाला पुन्हा कॉन्ट्रास्ट देता येतो का?

सांजवात

माझ्या आईचे वय ६६ आहे. काही वर्षांपूर्वी पोटाचा सीटी स्कॅन करताना तिला शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये अवयव ठळक दिसावेत म्हणून द्यायचे आयोडीनयुक्त औषध) दिला गेला आणि त्यानंतर काही मिनिटांतच तिच्या गळ्यावर व छातीवर पित्ताच्या गांधी उठल्या, दोन्ही पापण्या सुजल्या आणि आवाज घोगरा झाला. श्वास घेता येत होता, पण घशात काहीतरी अडकले आहे असे ती सांगत होती. तेथील डॉक्टरांनी तातडीने इंजेक्शने दिली, रात्रभर देखरेखीखाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडले. कार्डावर मात्र ‘आयोडीन ॲलर्जी, कॉन्ट्रास्ट देऊ नये’ एवढाच शेरा आहे. कोणते औषध दिले होते, किती दिले होते आणि त्रास झाल्यावर उपचार काय केले, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही.

आता सोनोग्राफीत तिच्या उजव्या मूत्रपिंडात एक लहान गाठ दिसली आहे. शल्यचिकित्सकांना कॉन्ट्रास्टसह सीटी हवा आहे, कारण गाठीला रक्तपुरवठा आहे की नाही हे कळल्याशिवाय शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येत नाही. कार्डावरील शेरा पाहून ते म्हणाले की आधी स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन तपासणी करता येईल. सीटी विभागातील एका कर्मचाऱ्याने मात्र अगोदर थोडासा डोस टोचून पाहू आणि काही झाले नाही तर पूर्ण देऊ, असे सुचवले. नातेवाइकांच्या सल्ल्यावरून आईने त्या प्रसंगानंतर मासे खाणे सोडले आहे आणि आयोडीनयुक्त मीठही टाळते. तिला दमा नाही. रक्तदाबासाठी ती मेटोप्रोलॉल घेते.

स्टिरॉइड घेतल्यावर धोका खरोखरच संपतो का, थोडा डोस देऊन पाहण्याला काही अर्थ आहे का, आणि एमआरआय करून हा सगळा प्रश्नच टाळता येईल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. अंतिम निर्णय तिचे डॉक्टरच घेतील, पण त्यांना नेमके काय विचारावे हे आम्हाला समजून घ्यायचे आहे.

क्षकिरण

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. रुग्णाला न तपासता उपचार सांगता येत नाहीत, परंतु तुम्ही विचारलेल्या बहुतेक गोष्टी सर्वसाधारण स्वरूपाच्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम मासे आणि मीठ यांचा विषय संपवतो. आयोडीन हे मूलद्रव्य आहे आणि थायरॉइडची संप्रेरके त्याच्याशिवाय तयारच होत नाहीत. ते आपल्या प्रत्येकाच्या शरीरात सतत असते आणि कॉन्ट्रास्टमुळे पित्त उठण्यास ते कारणीभूत नसते. कोळंबी किंवा खेकडा यांची ज्यांना ॲलर्जी असते, त्यांची प्रतिकारसंस्था मुख्यतः ट्रोपोमायोसिन या स्नायूंतील प्रथिनाला प्रतिसाद देते, तर माशांच्या बाबतीत हे काम प्रामुख्याने पार्वाल्ब्युमिन हे प्रथिन करते. जखमेवर लावायच्या पोव्हिडोन-आयोडीनने कातडीला त्रास होणे हाही वेगळाच प्रकार आहे. हा समज इतका घट्ट कसा बसला, याचे एक कारण १९७०च्या दशकातील सर्वेक्षणांत सापडते. कॉन्ट्रास्टची रिॲक्शन आलेल्यांपैकी काहींनी समुद्री अन्नाची ॲलर्जी असल्याचे सांगितले, ते लक्षात राहिले. दूध, अंडी अशा इतर पदार्थांची ॲलर्जी सांगणारेही त्यांत होते, ते विसरले गेले. कोणतीही ॲलर्जी किंवा दमा असणाऱ्यांना कॉन्ट्रास्टची रिॲक्शन येण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दोन ते तीन पट असते, एवढेच त्यातून सिद्ध होते. तेव्हा आईंनी मासे आणि मीठ निःशंकपणे पुन्हा सुरू करावे.

मग त्रास कशाने होतो? सीटीच्या कॉन्ट्रास्टचा रेणू म्हणजे तीन आयोडीन अणू जोडलेले बेंझीनचे एक कडे आणि त्याला लागलेल्या निरनिराळ्या बाजूच्या साखळ्या. क्ष-किरण अडवण्याचे काम आयोडीन करते, पण शरीराशी गाठ पडते ती संपूर्ण रेणूची. जुने आयनिक कॉन्ट्रास्ट पाण्यात विरघळले की त्यांचे दोन कण होत आणि त्यांची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांचे प्रमाण, रक्ताच्या पाच-सहा पट भरे. रक्ताची ती २९० मिलिऑस्मोलच्या आसपास असते आणि या औषधांची १५००च्या पुढे जाई. स्वीडनचे रेडिऑलॉजिस्ट टॉर्स्टेन अल्मेन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस नॉन-आयनिक, म्हणजे विरघळल्यावर दोन कणांत न फुटणाऱ्या, रेणूची कल्पना मांडली आणि त्यातून आजचे ६०० ते ८५०च्या दरम्यानचे कॉन्ट्रास्ट आले. १९९० मध्ये जपानमधील कातायामा आणि सहकाऱ्यांनी ३,३७,६४७ तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आयनिक गटात १२.६६ टक्के तर नॉन-आयनिक गटात ३.१३ टक्के रुग्णांना कोणता ना कोणता त्रास झाला, आणि गंभीर त्रासाचे प्रमाण ०.२२ टक्क्यांवरून ०.०४ टक्क्यांवर आले. आयोडीन दोन्ही गटांत होते. बदलली होती ती रेणूची बाकीची रचना. ‘आयोडीन ॲलर्जी’ या निदानाविरुद्ध याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

आता आईंच्या प्रसंगाविषयी. इंजेक्शन जाताना सर्वांगातून उष्णतेची लाट जाणे, तोंडात धातूची चव येणे, मळमळणे किंवा एखादी उलटी होणे, हे औषधाच्या रासायनिक गुणधर्मांमुळे होते आणि ते ॲलर्जी म्हणून नोंदवू नये. आईंना झाले ते निराळे होते. पित्त, पापण्यांची सूज आणि घोगरा आवाज ही लक्षणे ॲलर्जीसदृश रिॲक्शनची आहेत आणि श्वासाला अडथळा नव्हता असे धरले तर ती मध्यम तीव्रतेची ठरते. त्या वेळी रक्तदाब पडला होता का, श्वासात शिट्टीसारखा आवाज होता का, ऑक्सिजनची पातळी घसरली होती का, हे समजणे फार आवश्यक आहे, कारण यांपैकी काही घडले असेल तर ती गंभीर गटात जाऊ शकते आणि मग पुढची सर्व गणिते बदलतील.

म्हणून तुमचे पहिले काम त्या रुग्णालयाच्या रेडिऑलॉजी विभागाकडून नोंदी मिळवण्याचे आहे. डिस्चार्ज कार्डावर नसले तरी विभागाच्या नोंदवहीत, संगणकावरील अहवालात किंवा परिचारिकांच्या तक्त्यात औषधाचे नाव, प्रमाण आणि वेळ बहुधा सापडते. नाव मिळाले तर त्याऐवजी दुसरा कॉन्ट्रास्ट निवडता येतो, आणि ज्या औषधाने त्रास झाला ते बदलणे हा पुन्हा रिॲक्शन टाळण्याचा आज सर्वांत भरवशाचा मार्ग मानला जातो.

स्टिरॉइडविषयी सांगायचे तर, तपासणीच्या १३, ७ आणि १ तास आधी प्रेडनिसोन आणि शेवटच्या तासाला अँटिहिस्टामिन, ही पद्धत अनेक दशके रूढ आहे. १९८७ मध्ये लॅसर आणि सहकाऱ्यांनी मिथिलप्रेडनिसोलोनच्या दोन मात्रांवर केलेल्या चाचणीनेही तिला बळ दिले, परंतु ती चाचणी जुन्या आयनिक औषधांवरची आणि सरसकट रुग्णांवरची होती. आधी त्रास होऊन गेलेल्यांमध्ये गंभीर रिॲक्शन टळते असा ठोस पुरावा नाही. युरोपियन सोसायटी ऑफ युरोजेनिटल रेडिऑलॉजी आता या पूर्वौषधाची शिफारस करत नाही. अमेरिकेत ते अजून वापरले जाते, पण तेथेही कॉन्ट्रास्ट बदलण्यावर भर वाढला आहे. स्टिरॉइड घेऊनही रिॲक्शन येऊ शकते आणि ती बहुधा पहिल्या वेळेइतक्याच तीव्रतेची असते. गोळ्या दिल्या म्हणून विभागाने निर्धास्त राहावे, असे मुळीच नाही. शिवाय इंजेक्शनच्या तासभर आधी घाईने टोचलेले स्टिरॉइड जवळजवळ निरुपयोगी असते. त्याला परिणाम दाखवण्यासाठी किमान चार-पाच तास लागतात.

वाटसरू

रुग्णाच्या बाजूचा थोडा वेगळा अनुभव नोंदवतो. मला सीटीच्या टेबलावर काहीच झाले नव्हते. अर्धा तास बसवून घरी पाठवले आणि दोन दिवसांनी पाठीवर, मग हातापायांवर गोवरासारखे लाल पुरळ उठले. मी ते उष्णतेचे समजत होतो. त्वचारोगतज्ज्ञांनी आदल्या आठवड्यातील सर्व औषधांची यादी मागितली तेव्हा कॉन्ट्रास्टचा उल्लेखही मी केला नाही, कारण माझ्या लेखी ती तपासणी होती, औषध नव्हे. त्यांनीच खोदून विचारले म्हणून संबंध जुळला. पुरळ आठवडाभरात ओसरले.

माझा प्रश्न असा की, अशा उशिरा उठलेल्या पुरळाला आणि सांजवात यांच्या आईंना झालेल्या त्रासाला एकच नियम लागू होतात का?

सांजवात

क्षकिरण, आपण सुचवल्याप्रमाणे जुन्या रुग्णालयाशी संपर्क साधला. नोंदीत औषधाचे नाव आयोहेक्सॉल आहे. रक्तदाब पडल्याची नोंद नाही, ऑक्सिजनची पातळी ९६ टक्के होती, आणि अँटिहिस्टामिन व हायड्रोकॉर्टिसोन दिल्याचे लिहिले आहे. ॲड्रेनॅलिन दिल्याचा उल्लेख नाही.

नव्या रुग्णालयाला हे कळवले असता त्यांनी आपल्याकडे आयोडिक्सॅनॉल हे रक्ताच्या समान ऑस्मोलॅलिटीचे आणि म्हणून अधिक सुरक्षित औषध आहे, ते वापरू असे सांगितले. हा बदल पुरेसा आहे का? तसेच मेटोप्रोलॉल तपासणीआधी बंद करावे का?

निदानपंथी

मी ॲलर्जीच्या क्षेत्रात काम करते. औषधाचे नाव मिळवलेत हे उत्तम झाले, कारण येथे एक बारकावा आहे जो नाव नसते तर हातातून निसटला असता. आयोडिक्सॅनॉल हा रेणू ढोबळमानाने आयोहेक्सॉलसारखी दोन कडी एकत्र जोडून तयार झालेला आहे आणि त्याच्या बाजूच्या साखळ्या आयोहेक्सॉलच्याच आहेत. ज्यांची प्रतिकारसंस्था या साखळ्यांना ओळखू लागली आहे, त्यांना दोन्ही औषधांनी त्रास होण्याची शक्यता राहते. आयोडिक्सॅनॉलची ऑस्मोलॅलिटी रक्ताइतकी असते हे खरे, आणि त्यामुळे इंजेक्शनच्या वेळची उष्णता व अस्वस्थता कमी होते हेही खरे. पण ॲलर्जीसदृश रिॲक्शनपासून त्यामुळे जादा संरक्षण मिळते असे नाही. कॉन्ट्रास्ट बदलायचा तर त्याची साखळी वेगळी असावी, उदाहरणार्थ आयोपामिडॉल किंवा आयोबिट्रिडॉल. हे दोन्ही सर्व ठिकाणी उपलब्ध असतीलच असे नाही, म्हणून विभागाकडे कोणकोणते कॉन्ट्रास्ट आहेत हे आधी विचारावे लागेल.

शक्य असेल तर निवडीच्या आधी त्वचेची चाचणी करून घ्यावी. तिच्यात आधी औषध त्वचेवर टोचून आणि मग सौम्य करून त्वचेच्या थरात अगदी थोडे सोडून गांध उठते का ते पाहतात. ज्या औषधाने त्रास झाला ते आणि पर्यायी दोन-तीन औषधे अशी सर्व एकाच वेळी तपासतात. रिॲक्शननंतरचे पहिले सहा महिने हा या चाचणीचा सर्वांत उपयुक्त काळ असतो. आईंच्या प्रसंगाला बराच काळ लोटला असल्याने आता चाचणी नकारात्मक आली तरी तिच्यावर पूर्ण विसंबता येणार नाही. मात्र एखाद्या औषधाला सकारात्मक आली तर ते औषध निश्चितपणे वगळता येईल. ज्यांना कधीच त्रास झालेला नाही अशा लोकांची खबरदारी म्हणून त्वचाचाचणी करणे व्यर्थ आहे, हेही येथेच सांगून ठेवते.

सीटी टेबलावर थोडा डोस टोचून पाहण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲलर्जीसदृश रिॲक्शन मात्रेच्या प्रमाणात वाढत नाही. एखादा मिलिलिटर गेल्यावरही जीवघेणी रिॲक्शन आल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, आणि उलट लहान डोस निर्विघ्न गेल्यानंतर पूर्ण डोसला कोसळलेले रुग्णही आहेत. जपानमध्येच १९९१ मध्ये या पूर्वचाचणीचे मोठ्या प्रमाणावर मूल्यमापन झाले आणि गंभीर रिॲक्शनचा अंदाज घेण्यास ती उपयोगी नसल्याचे दिसून आले. तिचा खरा तोटा असा की, ती निर्विघ्न पार पडली की खोलीतील सर्वांची सावधगिरी सैल होते. ॲलर्जी विभागात टप्प्याटप्प्याने मात्रा वाढवत केली जाणारी नियंत्रित चाचणी वेगळी असते. तिच्यात प्रत्येक टप्प्यानंतर ठरावीक वेळ थांबतात, उपचाराची सिद्धता ठेवतात आणि त्वचाचाचणीच्या निष्कर्षांवरून औषध निवडतात.

वाटसरू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पहिल्या तासाभरात येणाऱ्या रिॲक्शनमध्ये मास्ट पेशी (ॲलर्जीची लक्षणे आणणारी रसायने साठवणाऱ्या पेशी) फुटून हिस्टामिन बाहेर पडते. काही रुग्णांत यामागे आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडे असतात, तर अनेकांत औषध त्या पेशींना थेट चेतवते, आणि म्हणूनच आयुष्यात पहिल्यांदा कॉन्ट्रास्ट घेणाऱ्यालाही रिॲक्शन येऊ शकते. एका तासानंतर ते सात दिवसांपर्यंत येणाऱ्या विलंबित रिॲक्शनमागे मुख्यतः टी-पेशी या प्रतिकारसंस्थेच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांचे रूप बहुधा तुम्ही वर्णन केले तसेच पुरळाचे असते आणि ते आपोआप किंवा साध्या औषधांनी शमते. त्वचाचाचणीही वेगळ्या रीतीने, दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहून वाचावी लागते. पुरळासोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सुटणे, चेहऱ्यावर सूज अशी लक्षणे असतील तर ती गंभीर समजावीत आणि त्या व्यक्तीला ते कॉन्ट्रास्ट पुन्हा कधीही देऊ नये. विलंबित त्रास झालेल्या व्यक्तीला पुढच्या वेळी टेबलावरच कोसळण्याचा विशेष धोका असतो असे मात्र नाही.

शुश्रूषा

सीटी विभागात परिचारिका म्हणून काम करताना जे दिसते त्यावरून दोन-तीन गोष्टी जोडते.

मेटोप्रोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर स्वतःहून बंद करू नये. ते अचानक थांबवल्याने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके उसळू शकतात. मात्र रुग्ण ते घेतो हे आम्हाला आधी सांगणे अत्यावश्यक आहे, कारण तीव्र रिॲक्शनमध्ये ॲड्रेनॅलिनचा प्रभाव त्यामुळे कमी पडू शकतो आणि अशा वेळी ग्लुकॅगॉन हाताशी ठेवावे लागते. फॉर्मवरील औषधांच्या रकान्यात पुष्कळ जण नुसते ‘बीपीची गोळी’ एवढेच लिहितात. त्यातून आम्हाला काहीच उमगत नाही.

आईंच्या नोंदीत ॲड्रेनॅलिन नाही याचे मला आश्चर्य वाटले नाही, पण ते योग्य होते असेही मी म्हणणार नाही. आवाज घोगरा होणे ही स्वरयंत्राच्या सुजेची सुरुवात असू शकते आणि अँटिहिस्टामिन किंवा स्टिरॉइड ती सूज लगेच उतरवत नाहीत. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिन, प्रौढांसाठी साधारण अर्धा मिलिग्रॅम, हाच अशा वेळचा पहिला उपचार आहे. गरज भासल्यास पाच मिनिटांनी ते पुन्हा देता येते. आमच्याकडे भरलेली सिरिंज ट्रेमध्ये असल्याशिवाय अशा रुग्णाला आत घेतच नाहीत.

आणखी एक गोष्ट रुग्णांना सांगावीशी वाटते. इंजेक्शन जाताना ओटीपोटात इतकी ऊब जाणवते की कपड्यांत लघवी झाली की काय असे वाटते. ते संकोचाने गप्प बसतात आणि त्याच संकोचात घसा आवळल्यासारखे वाटते हेही सांगत नाहीत. त्रास वाढण्याची वाट पाहण्याऐवजी घसा, श्वास किंवा डोके यांत काहीही वेगळे जाणवले तर लगेच माइकवर बोलावे. फिकट पडून घामाघूम झालेल्या प्रत्येकाला ॲलर्जीच असते असे नाही. सुईच्या भीतीने चक्कर आली असेल तर नाडी मंद असते, तर ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जीवघेण्या तीव्र ॲलर्जीत, ती सहसा वेगवान असते. पण बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याच्या बाबतीत ही खूणसुद्धा फसवी ठरू शकते. कोणत्याही कारणाने रक्तदाब पडला असेल तर रुग्णाला झोपवून पाय उंच ठेवावेत, एकदम उठवून बसवू नये.

रोखठोक

इतका खटाटोप कशासाठी? एमआरआयमध्ये आयोडीन नसते आणि किरणोत्सारही नसतो. सरळ तोच करून मोकळे व्हावे. एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमधील गॅडोलिनियम हा धातू मेंदूत साठतो असे वाचले आहे खरे, पण ॲनाफिलॅक्सिसपेक्षा ते परवडले.

क्षकिरण

सूचना वाजवी आहे, परंतु ती दोन पायऱ्या गाळून पुढे जाते.

पहिली पायरी म्हणजे कॉन्ट्रास्टशिवायचा साधा सीटी. मूत्रपिंडातील गाठीत चरबी दिसली तर ती बहुतेक वेळा अँजिओमायोलिपोमा नावाची सौम्य गाठ असते. गाठ एकसंध असून तिची घनता २० हाउन्सफील्ड एककांच्या (सीटीवर घनता मोजण्याचे एकक) आत किंवा ७० एककांच्या वर असेल तर ती बहुधा निरुपद्रवी पाणगाठ ठरते. काही रुग्णांचा प्रश्न येथेच सुटतो आणि कोणतेच इंजेक्शन लागत नाही. या दोन्हींत न बसणाऱ्या गाठीसाठी मात्र रक्तपुरवठा पाहावाच लागतो. कॉन्ट्रास्टनंतर घनता २० एककांहून अधिक वाढली तर ती गाठ पाणगाठ नसून घन समजली जाते.

दुसरी पायरी म्हणजे कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी, जिचा विचार फार थोडे लोक करतात. तिच्यात सल्फर हेक्साफ्लोराइड किंवा तत्सम वायूचे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून देतात. वायू श्वासावाटे बाहेर पडतो, मूत्रपिंडांवर भार येत नाही, आणि मूत्रपिंडातील गाठीचा रक्तपुरवठा पाहण्यास ती चांगली आहे. या बुडबुड्यांनीही क्वचित ॲनाफिलॅक्सिस होतो, आणि ज्यांना पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे मॅक्रोगॉलची ॲलर्जी आहे त्यांना ते देऊ नयेत. पोट साफ करण्याच्या अनेक औषधांत हाच पदार्थ असतो.

एमआरआयच्या कॉन्ट्रास्टची सीटीच्या कॉन्ट्रास्टशी रासायनिक जवळीक नाही, त्यामुळे एकाची रिॲक्शन आली म्हणून दुसऱ्याची येईल असे समजण्याचे कारण नाही. आईंना आयोहेक्सॉलने त्रास झाला म्हणून गॅडोलिनियमआधी स्टिरॉइड देण्याचीही गरज नसते. एकुणात गॅडोलिनियमच्या रिॲक्शन सीटीच्या कॉन्ट्रास्टपेक्षा कमी येतात, पण शून्य नसतात, आणि एमआरआयच्या खोलीत चुंबकामुळे नेहमीची उपकरणे नेता येत नसल्याने रुग्णाला आधी बाहेर काढावे लागते.

साठण्याविषयी जे वाचलेत त्यात तथ्य आहे, मात्र सर्व गॅडोलिनियम एकसारखे नसतात. १९९७ पासून मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांत कातडी आणि आतील ऊती घट्ट होत जाण्याचा एक नवा विकार दिसू लागला. २००६ मध्ये त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जोडला गेला. धातूला सैल धरून ठेवणारे रेषीय रेणू यात मुख्यतः दोषी होते. मेंदूतील साठ्याची चर्चा २०१४ मध्ये जपानमधील अभ्यासानंतर सुरू झाली, आणि २०१७ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी शिरेतून द्यायच्या बहुतेक रेषीय औषधांचा वापर थांबवला. आज गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट, गॅडोटेरिडॉल अशी वलयाकार पिंजऱ्यात धातू पकडणारी औषधे उपलब्ध आहेत आणि त्यांचे साठणे कितीतरी कमी आहे. साठ्यामुळे मेंदूला इजा झाल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही.

तेव्हा आईंच्या डॉक्टरांपुढे मी असा क्रम ठेवीन: साधा सीटी, त्यात उत्तर न मिळाल्यास वलयाकार गॅडोलिनियमसह एमआरआय किंवा कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी. शस्त्रक्रियेच्या आखणीसाठी रक्तवाहिन्यांचा नकाशा सीटीवरच हवा असेल तरच ॲलर्जीतज्ज्ञांचा सल्ला घेऊन वेगळ्या साखळीचा आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट द्यावा, आणि तोही तातडीच्या उपचारांची पूर्ण सोय असलेल्या रुग्णालयातच. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आधी तपासून घ्यावे. त्याचा ॲलर्जीशी संबंध नाही, पण गाठ मूत्रपिंडातच असल्याने ते कोणत्याही मार्गासाठी लागेल.

सांजवात

सर्वांचे आभार. साधा सीटी आधी करण्यास शल्यचिकित्सक तयार झाले आहेत. एक शेवटची शंका आहे. पुढे कॉन्ट्रास्ट द्यावाच लागला आणि पुन्हा त्रास झाला, तर त्या वेळी आम्ही काय मागणी करावी, आणि त्रास झाला नाही तर तिला किती वेळाने घरी न्यावे?

निदानपंथी

त्रास झालाच तर उपचार सुरू झाल्यावर रक्ताचा एक नमुना ट्रिप्टेजसाठी घेण्याची विनंती करावी. मास्ट पेशी फुटल्याची ती खूण आहे. तिची पातळी एक-दोन तासांत सर्वाधिक असते, म्हणून नमुना त्या सुमारास घ्यावा आणि तुलनेसाठी दुसरा नमुना २४ तास उलटल्यावर घ्यावा. पुढे रिॲक्शन खरोखर ॲलर्जीची होती का हे ठरवताना हे दोन आकडे फार कामाला येतात. उपचारासाठी मात्र अहवालाची वाट कोणी पाहू नये. तीव्र रिॲक्शन शमल्यानंतर काही तासांनी लक्षणे पुन्हा उसळू शकतात, म्हणून त्या दिवशी रुग्णालयातच राहावे लागेल.

काहीच झाले नाही तरी नेहमीच्या अर्ध्या तासाऐवजी आईंना आणखी काही वेळ, शक्यतो तासभर, शिरेतील सुई न काढता बसवून ठेवावे. पुढचा आठवडाभर कातडीवर लक्ष ठेवावे. जो कॉन्ट्रास्ट निर्विघ्न सहन झाला त्याचे पूर्ण नाव, मात्रा आणि तारीख लेखी मागून घ्यावी, आणि ती नोंद आयोहेक्सॉलच्या नोंदीशेजारीच ठेवावी, म्हणजे पुढच्या तपासणीच्या वेळी काय टाळायचे याबरोबर काय देता येते हेही नव्या डॉक्टरांना एका दृष्टिक्षेपात कळेल.